सांगलीत, अर्ध्या गुणासाठी

वीकएन्डला तेच तेच लोणावळा-महाबळेश्वर करून कंटाळला असाल, तर एकदा सांगली ट्राय करा. कृष्णाकाठचं गणपती मंदिर, हळदीची पेठ, भडंग हे सगळं आहेच. मी मात्र गेले बुद्धिबळ बघायला. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१मध्ये इथं नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. पाच वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे आणि वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथंच घडल्या.

स्पर्धेची नववी, शेवटची फेरी. मोबाइल हॉलबाहेर. मधल्या एका पटावर पांढरी मोहरी घेऊन बँकेतले एक काका, समोर इंजिनीअरिंगची एक मुलगी. एकाच क्लबचे दोघे, रेटिंगमध्ये जेमतेम आठ-दहा गुणांचा फरक. दोघांचे साडेपाच गुण. जिंकेल त्याला बक्षीस. बरोबरी झाली तर दोघांनाही ठेंगा!

प्रत्येकाला ९० मिनिटं, शिवाय दर खेळीला ३० सेकंद जादा. तीन तासांनी पटावर उरले दोन राजे, दोन हत्ती आणि काकांचं एक जास्तीचं प्यादं. आता पोरगी जिंकणं शक्यच नव्हतं. म्हणजे बक्षीस गेलंच. मग राजीनामा देऊन बस का पकडू नये?

तिनं राजा प्याद्याच्या वाटेत बसवला आणि हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीत आडवा धरला. काकांच्या राजाला पुढे यायला जागाच नाही. शेवटी प्यादं त्या ओळीत सरकलं, तसा तिचा हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला! मागून शह, पुन्हा शह. राजाला लपायला आडोसा नाही. अठराव्या शतकातल्या फिलिडोरचा हा बचाव. पुस्तकात सोपा वाटतो. घड्याळात ४० सेकंद उरलेले असताना अजिबात नाही.

अखेर काकांनी हात पुढे केला. बरोबरी. बक्षीस तिसऱ्याच कुणाला.

‘‘कुठनं शिकलीस गं हे?’’

‘‘तुम्हीच नाही का दाखवलेलं, काका?’’

काका खो खो हसले आणि दोघं पुन्हा मोहरी मांडायला लागले. अप्रेझल, इन्सेंटिव्हच्या आपल्या जगात ज्याचा एक पैसा मिळणार नाही, अशा अर्ध्या गुणासाठी कुणाला इतकं झुंजताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

जायचं कसं? मुंबई-पुण्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा. येताना भडंग आणा, आणि एखादा लाकडी पटसुद्धा.