एम.बी.ए. झाला, पुढे काय?

आपल्या वस्त्यांतून आता पदवीधरांची वानवा राहिलेली नाही. बी.कॉम. तर घरोघरी सापडतात आणि एम.बी.ए. झालेली मुले-मुलीही दिसू लागली आहेत. ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. पण अशा मुलाला पहिली नोकरी लागली की शेजारीपाजारी, सोयरेधायरे एकच प्रश्न विचारतात, "पॅकेज किती?" आकडा मोठा असला की पेढे वाटले जातात. लहान असला की आईबाप विषय बदलतात. हा प्रश्नच मुळात अपुरा आहे, असे माझे मत आहे.

मी लेखा विभागातला कारकून. पगारबिले करणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे पॅकेज म्हणजे पगार नव्हे, हे मी कागदावर मांडून दाखवू शकतो. समजा, ५ लाखांचे पॅकेज आहे. बाराने भागले तर महिना ४१ हजारांवर जातो. पण त्यात कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे सारे धरलेले असते. ते वजा जाता, आणि मुलाच्या स्वतःच्या फंडाची व व्यवसाय कराची कपात झाल्यावर हातात ३२-३३ हजार पडले तरी पुष्कळ. शिक्षणासाठी ८ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने, ७ वर्षांत फेडायचे असेल, तर हप्ताच सुमारे १३,३०० रुपये होतो. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. त्यात मुंबई-पुण्यात खोलीचे भाडे. मग घरी काय पाठवणार?

रविवारी विहारात मी मुलांचे अर्ज भरून देतो. तिथे येणाऱ्या एका मुलीची हकिकत सांगतो. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी एका खासगी महाविद्यालयातून फायनान्स घेऊन एम.बी.ए. झाली. पहिली नोकरी मिळाली ती क्रेडिट कार्डे विकण्याची. दर महिन्याला टार्गेट, आणि ते चुकले की सगळ्यांदेखत बोलणी. वर्षभरात ती रडकुंडीला आली. म्हणाली, "काका, हेच करायचं होतं तर बारावीनंतरच केलं असतं."

तिच्याच वर्गात आमच्या शेजारच्या वस्तीतला एक मुलगा होता. त्यालाही विक्रीचीच नोकरी. दोघांच्या गुणांत फारसा फरक नव्हता. पण मुलीला तिच्या महाविद्यालयाची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिने सांगितले, "बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासतात, ते काम शीक. ताळेबंद वाचायला शीक." मुलगी नोकरी सांभाळून रात्री एका लहान कारखान्याचे हिशेब लिहू लागली. आज सहाव्या वर्षी ती लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करते. मुलाला असे सांगणारे कोणी भेटले नाही. चार वर्षांत त्याने तीन नोकऱ्या बदलल्या, तिन्ही टार्गेटच्याच. हप्ते थकले आणि वडिलांच्या निवृत्तीचा फंड कर्जात गेला.

सांगणारे माणूस भेटणे हा नशिबाचा भाग आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि तिथे आडनावही वाचले जाते. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवले, तर दलित आडनावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. इतरांच्या मुलांना काका-मामा वाट दाखवतात. आपल्या मुलांचे काका-मामा अजून त्या कचेऱ्यांत पोहोचलेले नाहीत. म्हणून जे पोहोचले, त्यांनीच काका-मामा व्हायचे.

पहिल्या पगारावर आयुष्याची वाट ठरत नाही, हे मोठ्या संस्थांतून शिकलेल्यांकडे पाहिले तरी कळते. अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ साली स्थापन झाली. तिथून शिकलेले डॉ. आनंद तेलतुंबडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे. भारत पेट्रोलियममध्ये ते वरच्या पदापर्यंत गेले, पुढे पेट्रोनेट इंडियाचे प्रमुख झाले, नंतर खरगपूरच्या आय.आय.टी.त व्यवस्थापन शिकवू लागले. त्याचबरोबर त्यांनी महाडच्या संग्रामावर, जातीच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले. एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी त्यांना अटक झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. एवढी मोठी वाट कोणत्या पॅकेजच्या आकड्यात बसणार? त्याच संस्थेतून २००६ साली बाहेर पडलेले चेन्नईचे शरत बाबू झोपडपट्टीत वाढले. आईने इडल्या विकून त्यांना शिकवले. त्यांनी नोकरी नाकारून फूडकिंग नावाचा खाद्यसेवेचा व्यवसाय काढला.

वास्तविक वाणिज्य आणि अर्थशास्त्र हे विषय आपल्याला परके नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. हिशेब समजणारी माणसे समाजात हवीत, हे त्यामागे दिसते.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. प्रवेश शक्यतो सी.ई.टी. देऊन सरकारी प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही आणि सगळी फी अंगावर पडते. आय.आय.एम.मध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. १९९० पासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. तेव्हा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेळेवर काढून ठेवा. आणि कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी त्या महाविद्यालयातून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन मुले शोधा. ती आज कुठे आहेत, काय करतात, कर्ज फिटले का, हे त्यांच्या तोंडून ऐका. माहितीपुस्तिकेत सूट घातलेले फोटो असतात, ही माहिती नसते.

नोकरीला लागलेल्या मुला-मुलींनाही एक विनंती आहे. महिन्यातला एक रविवार विहारात या. भाषण करू नका. तुम्ही कोणता अर्ज भरला, मुलाखतीत काय विचारले, कुठे अडलात, एवढेच धाकट्यांना सांगा. तेवढ्याने एखाद्या बापाचा फंड वाचेल.