अझ्टेक लोकांचा देवधर्म

इतिहासाच्या तासास मेक्सिकोचें नांव निघालें, कीं वर्गांतील एखादा तरी विद्यार्थी नरबळीविषयीं विचारतोच. अझ्टेक म्हणजे माणसाचें काळीज काढून देवास वाहणारे लोक, एवढेंच त्यानें कोठें तरी वाचलेलें असतें. तें खोटें नाहीं. परंतु तेवढ्यानें एका समाजाचा धर्म समजला असें म्हणतां येईल काय? ह्या प्रश्नामुळें आम्ही त्यांच्या दैवतकथा वाचूं लागलों. त्यांतून जें हातीं लागलें तें विद्यार्थी व पालक यांजपुढें ठेवीत आहों.

अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान एका सरोवरांतील बेटावर वसली होती. आज तेथें मेक्सिको शहर आहे. नगराच्या मध्यभागीं असलेल्या महामंदिराच्या माथ्यावर दोन देव्हारे शेजारीं शेजारीं होते. एक सूर्य व युद्ध यांचा देव वित्सिलोपोच्त्ली याचा, दुसरा पर्जन्यदेव त्लालोक याचा. एक लढाईंत जय देणारा, दुसरा मका पिकविणारा. राज्य आणि शेती या दोन आधारांवर त्या लोकांचें जीवन उभें होतें, हें त्या देव्हाऱ्यांवरूनच कळतें.

त्यांच्या समजुतीप्रमाणें आपल्या जगापूर्वीं चार जगें होऊन गेलीं. एक वाघासारख्या जाग्वारांनीं खाल्लें, एक वाऱ्यानें नेलें, एक अग्निवृष्टीनें जळालें आणि एक पाण्यांत बुडालें. मग अंधारांत सर्व देव तेओतिवाकान येथें जमले. कोणी तरी अग्नींत उडी घालून सूर्य व्हावयास हवें होतें. तेकूसिस्तेकात्ल नांवाचा श्रीमंत देव मोठ्या दिमाखानें पुढें आला. पण चार वेळां ज्वाळांपर्यंत जाऊन चारही वेळां मागें सरला. तेव्हां अंगभर फोड आलेल्या, गरीब नानावात्सिनानें डोळे मिटले आणि उडी घेतली. लाजून दुसराही त्याच्यामागें गेला. दोघे सारखेच तेजस्वी उगवले, म्हणून देवांनीं दुसऱ्याच्या तोंडावर ससा फेंकला. तो चंद्र झाला. आपणही चंद्रास शशांक म्हणतों! इतक्या दूरच्या दोन देशांतील माणसांस एकाच चंद्रावर एकच ससा दिसावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

तरीही सूर्य जागचा हालेना. शेवटीं सर्व देवांनीं आपले प्राण दिले, तेव्हां तो चालूं लागला. म्हणून माणसावर देवांचें ऋण आहे आणि तें रक्तानेंच फेडलें पाहिजे, असें अझ्टेक मानीत. बळीसाठीं त्यांच्या भाषेंत जो शब्द होता, त्याचा अर्थच ‘फेड’ असा आहे. दर ५२ वर्षांनीं ते देशांतील सर्व चुली विझवीत, भांडीं फोडीत आणि सूर्य पुन्हां उगवेल कीं नाहीं या भीतीनें रात्र काढीत. मध्यरात्रीं कृत्तिका डोक्यावरून पुढें सरकल्या, कीं बळीच्या छातीवर नवा अग्नि पाडीत. हा विधि शेवटचा झाला तो १५०७ सालीं.

ऋणाची ही जाणीव खरी होती. पण तिची किंमत दुबळ्यांनीं दिली. युद्धांत धरलेले कैदी मारले जात. त्लालोकास लहान मुलें वाहत, आणि तीं जातांना रडलीं तर पाऊस चांगला पडेल असें समजत. कारण समजलें म्हणून हें कृत्य आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

हें सारें आम्हांस कळलें कसें? १३ ऑगस्ट १५२१ रोजीं ती राजधानी स्पॅनिश सैन्य व त्यांचे एतद्देशीय मित्र यांच्या हातीं पडली. पुढें मंदिरें पाडलीं गेलीं, चित्रलिपींतील ग्रंथ जाळले गेले. १५२९ सालीं बेर्नार्दिनो दे साआगुन हा मिशनरी तेथें आला, आणि १५३६ सालीं उघडलेल्या त्लातेलोल्को येथील विद्यालयांत लॅटिन शिकवूं लागला. जुना धर्म नाहींसा करावा हाच त्याचा हेतु होता. मात्र वैद्यास आधीं रोग ओळखतां आला पाहिजे, असें त्याचें मत होतें. त्यानें वृद्धांस प्रश्न विचारले. त्यांचीं उत्तरें त्याच्या त्याच देशांतील विद्यार्थ्यांनीं नावात्ल भाषेंत लिहिलीं. असे बारा भाग झाले. १५७७ सालीं राजा दुसरा फिलिप यानें हे कागद जप्त करण्याचा हुकूम काढला. तरी एक प्रत वांचली. ती आज फ्लॉरेन्स येथें आहे.

आमचें लक्ष त्या विद्यार्थ्यांकडे जातें. तीं मुलें बाप्तिस्मा झालेलीं, लॅटिन जाणणारीं होतीं. मिशनच्या शाळेंत शिकलेल्यास आपल्या आजोबांच्या समजुती लाजेच्या वाटूं लागतात, हें आम्हीं आमच्या पिढींत जवळून पाहिलें आहे. त्या मुलांची श्रद्धा बदलली होती. तरी तीं वृद्धांपुढें बसलीं, त्यांनीं ऐकलें आणि लिहून घेतलें. नानावात्सिनाची गोष्ट आपणांपर्यंत आली ती ह्या कष्टांमुळें.

मुलांनो, दुसऱ्याचा धर्म पटलाच पाहिजे असें नाहीं. पण त्याविषयीं मत देण्यापूर्वीं तो मानणाऱ्याच्या तोंडून एकदां ऐकावा. ह्या सुट्टींत घरच्या वृद्धांजवळ बसा, त्यांच्या आठवणींतील एक तरी जुनी गोष्ट विचारा, आणि ते सांगतील तशीच ती वहींत उतरून घ्या.