मु. पो. आणि सहा आकडे

मंडळी, पत्ता लिहिण्यात शिकवण्यासारखं काय असतं, असं हल्लीच्या मुलांना वाटेल. मी मराठी शिकवायचे तेव्हा पत्रलेखनाचा निम्मा तास पत्त्यावरच जायचा. 'मु. पो.' एकत्र कधी लिहायचं? गावात स्वतःचं पोस्ट असेल तरच. नसेल तर 'मु.'पुढे आपलं गाव, 'पो.'पुढे पोस्टाचं गाव. मग ता., जि. आणि शेवटी पिनकोड.

हा पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, शिरगाव ही नावं जिथे जावं तिथे. त्यात देशभरचे पत्ते नाना लिप्यांत. टपाल वेगळं करणाऱ्याने लक्षात तरी किती ठेवायचं? त्यावर सहा आकड्यांचा तोडगा काढला केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. माणूस आपल्या कोकणातला, संस्कृतचा पंडित आणि कवी. शब्दांत रमणाऱ्याने शब्दांची अडचण आकड्यांनी सोडवावी, याची मला फार गंमत वाटते.

फोड करून बघा. ४१५६१२ म्हणजे रत्नागिरीचं मुख्य पोस्ट. पहिला ४ विभागाचा. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले दोन आकडे मिळून उपविभाग, तिसरा जोडला की टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. असे आठ विभाग देशाच्या नकाशावरचे, नववा फौजेचा. आणखी एक मौज. ४१५ घाटावर साताऱ्यालाही आहे आणि घाटाखाली रत्नागिरीलाही. पोस्टाचा जिल्हा कलेक्टरच्या जिल्ह्याला विचारून चालत नाही!

पण हे आकडे पत्र पोस्टाच्या दारापर्यंतच आणतात. देशात पोस्टं दीड लाखाहून जास्त, पिनकोड मात्र एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे खेड्यातल्या शाखा डाकघराला बहुधा वरच्या उपडाकघराचाच पिन. तिथून पुढचं काम माणसाचं.

माझ्या थोरल्या वहिनी कोकणात एका वाडीत एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. वाडीत सगळी घरं एकाच आडनावाची आणि वहिनींच्या नावाच्या आणखी दोघी. मागे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तालुक्याला मिळेनात, म्हणून पुतण्याने पुण्याहून एका खासगी कुरिअरने पाठवल्या. पाकीट आणणाऱ्या मुलाने तीनदा फोन केला म्हणे. वहिनींना ऐकू गेला नाही, पाकीट परत. आठवडाभर गोळ्या नाहीत!

मग पुतण्याने स्पीड पोस्ट केलं. गावच्या डाकसेवकाने कुणाला फोन केला नाही. तिघींपैकी फणसाखालच्या घरातल्या कोणत्या, ते त्याला ठाऊक. पाकीट हातात देताना त्याला वहिनींचे सुजलेले पाय दिसले, लागलेली धाप दिसली. त्याने तिथूनच पुतण्याला कळवलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. संध्याकाळी वहिनी दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण. जुना पिनकोड आहेच, हा त्याच्या जोडीला. नातवाकडून मी वहिनींच्या घराचा काढून घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या दारामागे चिकटवायला लावला. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवायची झाली तर वाचून दाखवता येईल. नव्याला नावं ठेवण्यातली मी नाही. पण त्या चौकोनात राहणारीला धाप लागली आहे, हे बघायला दारात कुणीतरी यावं लागतं. वाडीत अजून तरी पोस्टाचा माणूस येतो. पत्रं कमी झाली म्हणून त्याच्या फेऱ्या कमी झाल्या तर काय, ही काळजी मला हल्ली वाटते.

असो. तुमचंही कुणी गावाकडे एकटं असेल तर पिनकोड लिहाच, पण 'मु.'पुढे वाडीचं नाव आणि घराची खूणही लिहा. तिथल्या डाकसेवकाचा नंबर जवळ ठेवा. आणि औषधांशिवायही अधूनमधून दोन ओळींचं कार्ड टाकत जा. तेवढंच त्याला त्या दारात जायला निमित्त.