उच्छ्वास

श्वास आपण घेतो याची आठवण माणसाला सहसा राहत नाही, हे निसर्गाचे मोठेच औदार्य म्हटले पाहिजे. मला ती आठवण झाली वडिलांच्या उशाशी बसून काढलेल्या एका रात्री. जन्मभर ओढलेल्या विड्यांनी त्यांची फुप्फुसे पार जीर्ण झाली होती. प्राणवायूचे यंत्र खोलीत गुरगुरत होते, आणि बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचा आकडा दाखवीत होता : ८९. त्यांना ८८ ते ९२ पुरे, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण शंभरांतले ८९ कोणत्या मुलाला पुरे वाटतील? त्यांची धाप पाहवेना, तेव्हा मी हळूच यंत्राची कळ फिरविली. आकडा ९७ वर गेला, वडील शांत झोपले, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

सकाळी परिचारिकेने येऊन त्यांना हाका मारल्या. ते जागे होईनात. "अहो, ही झोप नव्हे, गुंगी आहे," ती म्हणाली. तिने कळ पुन्हा बेताची केली व डॉक्टरांना बोलाविले. इस्पितळात मुखवट्यातून हवा दाबून देणारे यंत्र लावल्यावर संध्याकाळी कुठे वडिलांनी मला ओळखले. अशा जुन्या रोग्याला प्राणवायू वाजवीहून जास्त मिळाला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, हे मला तेव्हा कळले.

पुढे वाचनात आले, की ही गुंगी ओळखण्यात मोठमोठे वैद्यही चुकले होते. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी असेच गुंगीत जात. रोग मेंदूला भिडला, असे वाटे. हा साठलेला वायू आहे, हे ओळखले ते भूल देणाऱ्या ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनी. एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देवून नळी बसविण्यात आली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून इब्सेननी तिला वाचविले. पुरेशी यंत्रे नव्हती. म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, महिनोन्महिने पिशव्या दाबीत बसले. अशा रोग्यांत दहांपैकी आठांहून अधिक दगावत. ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले.

त्या विद्यार्थ्यांचा हात पिशवी दाबी, तसाच तो सैलही होई. नाहीतर रोग्याने उच्छ्वास टाकावा कसा? माझ्या मायेला मात्र फक्त देणे ठाऊक होते. आता मी कळेला हात लावीत नाही. धाप लागली, की वडिलांना पुढे उशीवर टेकवितो, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावयास सांगतो, आणि त्यांच्याबरोबर मीही सोडतो.