एका माणसाचा स्वयंपाक

इथे अमेरिकेत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'मदर्स डे' असतो. त्याच्या आदल्या आठवड्यात शाळेत मुलांकडून एक कागद भरून घेतात. वर छापलेले असते 'माझी आई', आणि खाली रिकाम्या जागा. आमच्या धाकट्याने माझे वय एकसष्ट लिहिले होते आणि उंची आठ फूट! आम्ही पोट धरधरून हसलो. मग यांनी पुढची ओळ वाचली. 'माझ्या आईला खायला सर्वांत जास्त आवडते ते...' आणि पुढे आमच्या चिरंजिवांनी मोठ्या अक्षरांत उत्तर दिले होते, 'उरलेलं'.

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. पण रात्री ओटा पुसताना मनात आले, उद्या त्याला खरे उत्तर सांगायचे तर काय सांगू? यांना काय आवडते ते मला ठाऊक. मोठीला काय, धाकट्याला काय, पुण्याला सासूबाईंना कशाने पित्त होते, सगळे ठाऊक. माझ्या नावापुढे काही सुचेना. मैत्रिणींनो, गंमत वाटेल, पण बराच वेळ मी त्या ओट्यापाशी तशीच उभी होते.

याच सुमारास शेजारच्या आजींनी त्यांची गळाची काठी मला दिली. वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणापासून दर उन्हाळ्यात सिएरा नेवाडाच्या डोंगरात एकट्या जाऊन, तंबू ठोकून ट्राउट मासे धरायच्या. आता गुडघे साथ देत नाहीत. "तू मासे खाणारी आहेस ना? मग तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या.

मासे खाणारी तर मी आहेच. मालवणची. आमच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात. बाबा रविवारी भावाला घेऊन खाडीवर गरवायला जायचे. मी मागे लागले की आजी म्हणायची, "चेडवांनी गरूक जावचां नाय." माझे काम विळी घेऊन परसात बसणे. आलेले मासे साफ करायचे, तुकड्या करायच्या. पाने मांडली की मधल्या तुकड्या बाबांना आणि भावाला, आम्हा बायकांना डोकी आणि शेपट्या. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मलाही नाही. काठी हातात घेतल्यावर मात्र ते सगळे एकदम आठवले.

"मी दोन रात्री डोंगरात जाऊन येते," असे मी घरी सांगितले तेव्हा यांनी विचारले, "सगळेच जाऊ की! एकटी कशाला?" त्यावर माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. 'मला काय खावेसे वाटते ते बघायला' असे कसे सांगणार? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, अस्वलं असतात ना तिथं?" मी म्हटले, "असतात, पण काळी. माणसाला नाही, डब्याला भितात त्यांच्यापासून." त्या म्हणाल्या, "बघ बाई!" यांनी शेवटी उपग्रहावरून निरोप पाठवणारे छोटे यंत्र आणून दिले, कारण तिथे मोबाइल चालत नाही. रोज संध्याकाळी 'ठीक आहे' एवढे कळवायचे, हा आमचा तह.

तयारीत महिना गेला. रात्रीच्या मुक्कामाला वनखात्याचा परवाना लागतो आणि रोज ठरावीक माणसांनाच मिळतो. मासे धरायला राज्याचा वेगळा परवाना. शिवाय अस्वलाला उघडता येणार नाही असा प्लास्टिकचा जाडजूड डबा. त्यात खाण्याचे सगळे तर ठेवायचेच, पण टूथपेस्ट, कोल्ड क्रीम, साबण, वास येणारी प्रत्येक वस्तू ठेवायची. मी त्यात तांदूळ, पोहे, मेतकूट, मीठ-हळद-तिखट, मूठभर बारीक रवा, तेलाची लहान बाटली आणि आईने पाठवलेले आगळ भरले. पाठीवरची पिशवी चौदा किलोंची झाली. गावाला जाताना याच्या दुप्पट सामान मी बांधते, पण त्यात माझे असे किती असते!

ऑगस्टात निघाले. सॅन होजेहून टायोगा घाट ओलांडून पलीकडे उतरायचे, मग ३९५ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला टॉम्स प्लेस, आणि तिथून वर रॉक क्रीकच्या काठाने थेट 'मॉस्किटो फ्लॅट'पर्यंत, म्हणजे डासांच्या पठारावर. इथे गाडीचा रस्ता संपतो. उंची दहा हजार फुटांच्या वर. इथून जी दरी सुरू होते तिला 'लिटल लेक्स व्हॅली' म्हणतात. नाव अगदी खरे आहे. एका तळ्याचे पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, अशी तळी एकाखाली एक मांडलेली. हार्ट लेक, बॉक्स लेक, लाँग लेक. समोर तेरा हजार फुटांवरची शिखरे, त्यांच्या घळींत ऑगस्टातही बर्फ. पूर्वी टंगस्टनच्या खाणीकडे जाणारा रस्ता याच दरीतून होता, त्यामुळे वाट फारशी चढणीची नाही. तरी त्या हवेत दर पन्नास पावलांवर मी थांबत होते. येणारे-जाणारे हसून विचारत, "एकटीच?" मी "हो" म्हणे, आणि दर वेळी तो 'हो' जरा मोठ्याने येई.

चिकनफुट नावाच्या तळ्यापाशी, पाण्यापासून नियमाप्रमाणे शंभर फुटांवर, तंबू ठोकला. तळ्याचा आकार कोंबडीच्या पावलासारखा, म्हणून हे नाव.

पहिली संध्याकाळ फजितीची. उंचीने डोके ठणकत होते. गळ टाकला तो दोनदा झाडाला आणि एकदा माझ्याच टोपीला लागला. मग म्हटले, भात तरी करू. लाकडे पेटवायला तिथे मनाई, म्हणून गॅसची छोटी शेगडी. पाणी खळखळ उकळतेय, वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली, शिते आपली कणीदारच! त्या उंचीवर पाणी सुमारे ८९ अंशांनाच उकळते, म्हणजे उकळतेय खरे पण तापतेय कमी. हे शाळेत शिकले होते, बी. ए.ला इतिहास घेतल्यावर विसरले होते. (कधी गेलात तर तांदूळ तासभर भिजवून घ्या, नाही तर सरळ पोहे न्या.) शेवटी तो अर्धकच्चा भात मेतकूट घालून खाल्ला. खाताना एकदम लक्षात आले, आपण अजून उभ्यानेच खातो आहोत. कुणाला वाढायचे नव्हते, कुणाचे पाणी संपले नव्हते, तरी उभी! मुद्दाम दगडावर बसले. बसून खाणे कठीण गेले, खरेच सांगते.

आणि रात्र! माहेरून वसतिगृहात, तिथून पुन्हा माहेरी, तिथून सासरी. सबंध आयुष्यात एका छपराखाली एकटी अशी मी कधी झोपलेच नव्हते. मध्यरात्री तंबूबाहेर काहीतरी चालल्यासारखे वाटले. जड पावले, श्वास. मी अंधारात चाचपून पातेले आणि चमचा घेतला आणि जे बडवायला सुरुवात केली! बॅटरी बाहेर रोखली तर दोन हिरवे डोळे. हरणी होती बिचारी. ती पळाली, आणि मी तिथेच बसून आधी रडले, मग हसले. निरोपाच्या यंत्राकडे हात गेला होता. पण रात्री दोन वाजता 'ठीक आहे' पाठवले तर उलट घर जागे होईल, म्हणून ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी डोके उतरले. दुपारी ढग आले, वाटाण्याएवढ्या गारा पडल्या, तंबूत बसून मी दोनदा झोप काढली. दुपारची झोप, तीही दोनदा! संध्याकाळी वारा पडला आणि तळे आरशासारखे झाले. मग पाण्यावर ठिकठिकाणी गोल वलये उमटू लागली. मासे वर येऊन माश्या टिपत होते. आजींनी शिकवले होते तसे केले. पाणी भरलेला पारदर्शक फुगा दोरीला, त्याच्यामागे चार-पाच फुटांवर पिसांची खोटी माशी. फेकायचे आणि अगदी हळू ओढत आणायचे. तिसऱ्या की चौथ्या फेकीला काठीला हिसका बसला, आणि तो थेट पोटात जाणवला.

मासा बाहेर आला तो जिवंत. म्हणजे जिवंतच येणार, पण मी आयुष्यात शेकड्याने मासे साफ केले ते सगळे मेलेले. मारण्याचे काम दुसऱ्या कुणीतरी केलेले असायचे. हा हातात धडपडत होता. काळसर हिरव्या पाठीवर फिकट नागमोडी रेघा, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळे कडे, पोटाखालच्या परांना पांढरीशुभ्र किनार. पैठणीची आठवण व्हावी असा. माझ्याने होईना. सोडून दिला.

दुसरा लागला तेव्हा मी दगड हातात घेतला. का, ते सांगते. परवाना घेताना कचेरीतल्या रेंजरबाईंनी सांगितले होते की या उंच तळ्यांत मुळात मासे नव्हतेच. हिमनद्यांनी कोरलेली तळी, खाली धबधबे, मासा वर चढणार कसा? माणसांनी नेले. १८७६ साली याच डोंगररांगेत, खूप दक्षिणेला, सोनेरी ट्राउट एका ओढ्यातून दुसऱ्यात कॉफीच्या किटलीतून नेले होते! पुढे खेचरांवर दुधाचे कॅन लादून नेले, त्याही पुढे विमानातून पिल्ले टाकली. मी धरला तो ब्रूक ट्राउट तर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचा, पूर्वेकडचा. इथल्या तळ्यांचे मूळ रहिवासी म्हणजे पिवळ्या पायांचे बेडूक. त्यांचे बेडूकमासे मोठे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर खोल पाण्यात राहावे लागते आणि ट्राउट त्यांना खाऊन टाकतात. शिवाय एका बुरशीचा रोग पडला. २०१४ पासून तो बेडूक नष्ट होत चाललेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहे. काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढले तेव्हा बेडूक परतले. "ब्रूक ट्राउट भरमसाट वाढतात आणि मग खुरटे राहतात. दिवसाला पाचपर्यंत धरा, खुशाल खा," असे त्या म्हणाल्या होत्या.

पण पैठणी नेसलेल्या त्या पाहुण्याला हातात धरल्यावर हे सगळे ज्ञान फार उपयोगी पडत नाही. तोही स्वतःहून थोडाच आला होता! मी "माफ कर" म्हटले, मालवणीत, आणि डोक्यावर एकच घाव घातला. हात थरथरत होते. मग मात्र पुढचे काम हातांना ठाऊक होते. पोट चिरले, कल्ले काढले. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. आतडी लांब नेऊन पुरली. आत मांस गुलाबी-केशरी. मीठ, हळद, तिखट, आगळाचे चार थेंब, वर रवा. तंबूपासून बरीच दूर शेगडी मांडली, कारण तळणाचा वास तंबूला लागू द्यायचा नाही.

आठ इंचांचा एक मासा. डोके, मध, शेपटी, सगळा माझ्या ताटलीत. तुकड्या केल्याच नव्हत्या. शिखरांवरचा उजेड नारिंगी झाला होता आणि मी दगडावर बसून, हो, बसून, माशाकडे बघत होते. सुरुवात कुठून करायची? हात आपोआप शेपटीकडे गेला. कुरकुरीत, तिखट-आंबट, पर चावून खाल्ला. मग म्हटले, आज मधला भाग खा की, अडवतेय कोण? खाल्ला. चांगला होता, मऊ होता. पण पुन्हा शेपटीचीच आठवण होऊ लागली. आता हे खरेच मला आवडते, की पंधरा-वीस वर्षांची सवय बोलते आहे? मी जिभेवर घोळवून घोळवून पाहिले. मला वाटते आवडतेच. पण पैज लावणार नाही.

उरले काहीच नाही. ताटली पुसून घेतली तेव्हा ते जाणवले.

घरी आले तर ओट्यावर पिझ्झाची चार खोकी आणि सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी. यांनी चहा केला, साखर जास्त पडली होती. धाकट्याने पहिला प्रश्न केला, "किती मासे?" मी म्हटले, "दोन धरले, एक खाल्ला." "आमच्यासाठी नाही आणला?" "नाही." तो जरा विचारात पडला. मग त्याने शाळेचा तो कागद फ्रिजवरून काढून आणला, पेन्सिल घेतली आणि विचारले, "मग इथं काय लिहू?" मी म्हटले, "माशाची शेपटी लिही. पेन्सिलनेच लिही."

मोठी आता पुढच्या खेपेला येते म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिला गरवायला मी शिकवणार आहे, घराजवळच्या तळ्यावर, येत्या वसंतात. डोंगरात मात्र यंदाच्या ऑगस्टात पुन्हा एकटीच जाते आहे. परवान्यावर माणसे एक असे लिहून झाले आहे. तांदूळ नेणार नाही.