शेंदूरजनाघाट ते काचीगुडा

शेंदूरजनाघाटच्या माणसाला परराज्याचे अप्रूप नसते. गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि डोंगर ओलांडला की मध्यप्रदेश. सोयरीक पांढुर्ण्याची, बागेतले मजूर बैतूलकडचे, आणि आमच्या नर्सऱ्यांतल्या संत्र्याच्या कलमा तर राजस्थानपर्यंत जातात. पण धावण्यासाठी कोणी परराज्यात जावे, तेही घरातल्या बायकांनी, आणि तेही ऐन ऑगस्टमध्ये, हे आमच्या मोहल्ल्यात कोणी ऐकले नव्हते. ऑगस्ट म्हणजे कलमा विकायचे दिवस. शिवाय आंबिया बहाराची फळगळ सुरू असते. रोज सकाळी झाडाखाली पडलेली हिरवी फळे मोजत घरातले पुरुष गप्प गप्प असतात. अशा दिवसांत आम्ही दोघी, नणंद आणि भावजय, हैदराबादच्या मॅरेथॉनमध्ये अर्ध्या अंतराची शर्यत धावून आलो. अर्धे अंतर म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळपास शंभर मीटर. ते वरचे शंभर मीटर विसरू नका, सगळ्यात लांब तेच असतात.

सुरुवात शौकाने झाली नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर आमच्यातल्या भावजयीची साखर वाढली आणि डॉक्टरांनी सांगितले, रोज चाला. आम्ही गच्चीवर चालायला लागलो. गच्ची एवढीशी, चाळीस फेऱ्या झाल्या तरी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली मिरची तिथेच. मग फज्रची नमाज झाली की बागांमधल्या पांदण रस्त्याने जाऊ लागलो. दोन्ही बाजूला संत्र्याची झाडे, समोर डोंगर, माणूस नाही. चालता चालता एक दिवस पळालो. छान वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळालो.

वर्षभराने डोंगराकडच्या चढावर आठ किलोमीटर जाऊन येण्याइतका दम आला. साखरही उतरली, अल्हम्दुलिल्लाह. मग एका पावसाळी सकाळी पांदणीत गुडघाभर चिखल होता म्हणून आम्ही डांबरी रस्त्याने, गावातून धावलो. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. अब्बा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हाच आम्हाला भीती वाटते. अम्मी, म्हणजे एकीची आई आणि दुसरीची सासू, दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला बसवून हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची हदीस सांगितली. ती तुम्हालाही ठाऊक असेल. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि हजरत आयशांसोबत धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी त्या जिंकल्या. पुढे कधीतरी पुन्हा शर्यत झाली तेव्हा त्या हरल्या, आणि प्रेषितांनी हसून हिशेब बरोबर केला.

आम्हाला वाटले, परवानगी मिळाली. पण अम्मींनी त्या हदीसीतून स्वतःचा निर्णय काढला होता. ती शर्यत सफरमध्ये झाली, आणि लोकांना आधी पुढे पाठवले होते. तेव्हा धावायचे तर सफरमध्ये धावा, गावात नको. आलिमांना हा निष्कर्ष पटेल की नाही, माहीत नाही. आम्हाला मात्र पटवून घेणे भाग होते. हैदराबादला खाला राहतात. भाईजान सोबत यायला तयार झाले. ते एकीचे मियाँ आणि दुसरीचे भाईजान, त्यामुळे दोघींनाही नाही म्हणू शकले नाहीत.

वरूडच्या स्टेशनचे नावच वरूड ऑरेंज सिटी आहे. तिथे नरखेडहून काचीगुड्याला जाणारी गाडी थांबते आणि अमरावती, अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड करत दिवसभर चालते. अब्बांच्या आठवणीत अकोल्यापासून पूर्णेपर्यंत मीटरगेज होती, डबे लहान आणि धूर फार. आता सलग एकाच डब्यात बसून जाता येते. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा संपून सोयाबीन आणि तूर लागली, मग हळद दिसू लागली. गोदावरी ओलांडली तेव्हा पात्र भरून वाहत होते. बासरच्या पुढे पाट्यांवरची लिपी बदलली आणि शेजारच्या बाकावरची मुले तेलुगूत भांडू लागली.

एक गोष्ट वाटेत भाईजानांनी सांगितली. आपले वऱ्हाड निजामाचेच होते; १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कंपनीच्या ताब्यात गेले, तरी मालकीचा दावा निजामाने सोडला नाही. म्हणून पुढे १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार, वऱ्हाडचा राजपुत्र, असा किताब होता. त्याची बेगम दुर्रुशेवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे खलिफाची मुलगी वऱ्हाडची राजकन्या! हैदराबादला तिच्या नावाचा दवाखाना आजही आहे. हे ऐकून आम्ही डब्यातली पोळी-भाजी जरा ताठ बसून खाल्ली.

खालांकडे वेगळीच परीक्षा होती. शर्यतीच्या आदल्या रात्री तेलकट, मसालेदार खाऊ नये, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत, कसे ते विचारू नका. खालांनी बिर्याणीचा बेत केला होता. आम्ही फक्त खिचडी मागितली. “इत्ती दूर से आके खिचडी खाके सोते?” खाला खरोखर दुखावल्या. शेवटी भाईजानांनी तिघांच्या वाटची बिर्याणी खाऊन घराण्याची इज्जत राखली.

जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. नाव महिनोन् महिने आधी नोंदवावे लागते. छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशीपर्यंत ओळखपत्र दाखवून आणावा लागतो. त्याच्या मागे वेळ मोजणारी चिप असते, ती मोडू नये. कपडे सुती नकोत. सुती कुर्ता घाम पिऊन जड होतो आणि काखेत, मानेला सोलून काढतो. आम्ही पटकन सुकणाऱ्या कापडाचे गुडघ्यापर्यंत कुर्ते आणि सैल पँट शिवून घेतल्या. स्कार्फला टाचण्या लावायच्या नाहीत, टोके आत खोचून शिवायची. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. आमच्यातल्या एकीने घातले आणि अंगठ्याचे नख गमावले.

पहाटे हुसेनसागरच्या काठी नेकलेस रोडवर पोचलो तेव्हा अंधार होता आणि हजारो माणसे होती. वेळ होताच भाईजानांनी फुटपाथवर चादर अंथरली. शेजारी कोणी पाय ताणत होते, कोणी केळे खात होते. आम्ही फज्र पढलो. कोणी पाहिले नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. त्या गर्दीत आमच्या स्कार्फकडे, आमच्या पळण्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. आणि तेव्हा जाणवले की हैदराबादचे २१ किलोमीटर सोपे आहेत. अवघड आहे तो आमच्या गावातला मशिदीपासून बसस्टँडपर्यंतचा तुकडा, जिथे प्रत्येक दुकानदार अब्बांना नावाने ओळखतो.

सोपे म्हटले खरे, पण हैदराबादची शर्यत पायांना सोपी नाही. तळ्याचा काठ खोलात, शेवट गच्चीबावलीच्या स्टेडियमवर, आणि मध्ये चढ आणि उड्डाणपूल. एक पूल उतरला की दुसरा. हवा दमट, चष्म्यावर वाफ. सातपुड्याच्या चढावर काढलेला घाम तिथे कामी आला. पाण्याच्या एका टेबलावर फोडी दिल्या, मुलगा म्हणाला, संत्रा घ्या. ऑगस्टमध्ये संत्रे कुठले? तोंडात घालताच कळले, सातगुडी मोसंबी, नलगोंड्याकडची; तिथे तिला बत्तायी म्हणतात. धावता धावताही आमच्यातल्या नणंदेने त्याला फरक समजावून सांगितला. त्यात अर्धे मिनिट गेले.

अम्मींनी निघताना बजावले होते, एकमेकींचा हात सोडू नका. सतराव्या किलोमीटरला नणंदेच्या पोटरीत गोळा आला. भावजय थांबली. दोघी चालू लागलो. मग नणंद म्हणाली, तू जा, तुझ्यासाठी तर हे सगळे सुरू झाले होते. भावजय गेली. मागे वळून पाहिले नाही, कारण पाहिले असते तर गेली नसती. ती तीन तासांना सात मिनिटे कमी असताना पोचली, दुसरी तिच्यानंतर अकरा मिनिटांनी. अम्मींना हे आम्ही सांगितलेले नाही. त्या हे मासिक पहिल्या पानापासून वाचतात, म्हणजे आता कळेलच.

परतीच्या गाडीत मोबाईलवर पुन्हा सिफान हसनची मॅरेथॉन पाहिली. इथिओपियातून पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आलेली ही मुलगी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत सुवर्ण जिंकले, त्याच स्पर्धेत ५ आणि १० हजार मीटरला कांस्यही. धावताना तिचा वेश इतर खेळाडूंसारखाच होता, पण समारोपात पदक घ्यायला ती हिजाब घालून आली, आणि तेही ज्या देशाने स्वतःच्या खेळाडूंना हिजाबची मनाई केली होती त्याच देशात. आमच्यात यावर निजामाबादपासून नांदेडपर्यंत वाद झाला. एकीचे म्हणणे, तिने धावताना जे घातले तो तिचा प्रश्न. दुसरीचे, मग आपण काय घालतो तोही आपलाच. बहुधा आम्ही एकच गोष्ट बोलत होतो, पण वाद रंगला होता.

घरी आल्यावर उस्मानिया बिस्किटे वाटली, पदके मुलांनी गळ्यात घालून हरवली, सापडली. दोन दिवस आम्ही झोपून काढले. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर अम्मी दारात आल्या. रात्रभर पाऊस झाला होता.

“आज जायचं नाही का?”

“पांदणीत चिखल असेल, अम्मी.”

“मग डांबरी रस्त्यानं जा,” त्या म्हणाल्या, “चिखलात पाय घसरला तर कलमा कोण बांधील?” अब्बा वजू करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नळ जरा हळू केला.

आम्ही मशिदीवरून, बाजारातून, बसस्टँडकडे निघालो. कोपऱ्यावर दूध घ्यायला उभ्या असलेल्या काकूंनी हाक मारली, “काय व, हैदराबादले गेल्या होत्या म्हने. कितवा नंबर आला?”

भावजयीने धापा टाकत आकडा सांगितला. चार आकडी होता.

काकूंनी थोडा वेळ हिशेब केला. “मंग तुमच्या मांगं बी लय लोकं असतीन की,” त्या म्हणाल्या आणि दुधाचं भांडं पुढे केलं.