सहाशे नळ्या आणि एक चेहरा

गायकाचा पुतळा घडविता येतो. गाण्याचा पुतळा कसा घडवावा? युरोपातील नगरांनी या प्रश्नाचा फारसा घोर लावून घेतलेला दिसत नाही. बॉनच्या चौकात १८४५ पासून बेथोवेन उभे आहेत. व्हिएन्नाच्या उद्यानात योहान स्ट्राउस सोनेरी मुलामा लेवून व्हायोलिन वाजवीत आहेत. दोन्ही पुतळे आम्हांस प्रिय आहेत. परंतु त्यांच्यासमोर माणूस दिसतो. संगीत मात्र आपले आपणच घरून आठवून न्यावे लागते. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, हा परिपाठ मोडला गेला, आणि त्यावरून बरेच वादळ उठले. त्याची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

जाँ सिबेलियस हा फिनलंडचा संगीतकार. जन्म १८६५, मृत्यू २० सप्टेंबर १९५७. त्याच्या तारुण्यात तो देश रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. १८९९ साली त्याने रचलेली ‘फिनलँडिया’ ही रचना लोकांच्या मनात इतकी खोल उतरली की, सत्ताधीशांची नजर चुकविण्यासाठी ती निराळ्या नावांनी वाजवावी लागे. तिच्यातील संथ भागाची चाल पुढे अनेक देशांतील ख्रिस्ती स्तोत्रपुस्तकांत शिरली. आमच्या वाचकांपैकी जे इंग्रजी उपासनेच्या गायनवृंदात उभे राहिले आहेत, त्यांनी ती रचनाकाराचे नावही ठाऊक नसताना गायिली असण्याचा संभव आहे. १९१७ साली देश स्वतंत्र झाला. अशा माणसाचे स्मारक म्हणजे राष्ट्राचा घरचा प्रश्न. प्रत्येकाला त्यात बोलण्याचा अधिकार!

त्याच्या निधनानंतर स्मारकासाठी स्पर्धा झाली आणि तीत एइला हिल्टुनेन या शिल्पकर्तीची कल्पना निवडली गेली. त्या कल्पनेत सिबेलियस कोठेच नव्हता. होत्या त्या केवळ पोलादी नळ्या. सहाशेहून अधिक पोकळ नळ्या एकमेकींना जोडून, काही उंच, काही आखूड, लाटेसारख्या वरखाली होत हवेत तोलून धरलेल्या. साडेआठ मीटर उंची, साडेदहा मीटर लांबी, आणि वजन चोवीस टन. एवढे ओझे, पण पाहणाऱ्याला ते जमिनीपासून सुटल्यासारखे भासते.

लोक खवळले. हा काय प्रकार आहे? आमचा सिबेलियस कोठे आहे? कोणी म्हणाले, हा तर चर्चमधील ऑर्गन झाला, आणि सिबेलियसने ऑर्गनसाठी असे कितीसे लिहिले आहे? आक्षेप वस्तुस्थितीला धरून होता; त्याचा जीव वाद्यवृंदात रमला, ऑर्गनसाठी त्याने फारच थोडे लिहिले. वाद बराच चालला आणि अखेरीस तडजोड झाली. नळ्यांच्या बाजूला, खडकावर, सिबेलियसचा धातूचा चेहरा बसविण्यात आला. ७ सप्टेंबर १९६७ रोजी स्मारकाचे अनावरण झाले.

कलेचे जाणकार या चेहऱ्याकडे किंचित उपहासाने पाहतात. आमचे मत निराळे आहे. धर्मग्रामात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की ठाऊक झाली आहे, ती ही की, श्रद्धाळू माणूस मूर्तीसमोर आला म्हणजे प्रथम चेहरा शोधतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. शिवाय हेलसिंकीचा तो चेहरा नळ्यांच्या मधोमध किंवा शिखरावर बसविलेला नाही. तो बाजूला आहे, सुटा आहे. रचनाकार एकीकडे आणि त्याच्या हातून घडलेले संगीत दुसरीकडे, त्याच्याहून कितीतरी मोठे. तडजोडीतून का होईना, हे दृश्य खरे उतरले आहे.

हिल्टुनेनबाईंनी शिल्पाला लॅटिन नाव दिले, ‘पासियो मुसिके’. सेमिनरीत लॅटिन गिरविलेल्या आम्हा मंडळींचे कान या शब्दाने टवकारले तर नवल नाही. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचा जो वृत्तांत वाचला जातो, त्याचे नाव ‘पासियो’. हल्ली या शब्दाचा अर्थ ‘आवड’, ‘ध्यास’ असा पातळ झाला आहे. मूळ अर्थ आहे सोसणे. बाईंनी तो अर्थ अंगावर घेतला म्हणावयास हरकत नाही. सुमारे चार वर्षे त्या स्वतः वेल्डिंगची ज्योत हाती धरून नळीला नळी जोडीत होत्या, प्रत्येक नळीच्या अंगावर निराळा खडबडीत पोत उठवीत होत्या, आणि त्या धुराची झळ त्यांच्या छातीला लागली.

आणि ज्याचे स्मारक, त्याने काय सोसले? १९२६ साली ‘तापिओला’ ही रचना पूर्ण झाली, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्याच्याकडून एकही मोठी कृती बाहेर आली नाही. आठवी सिम्फनी येणार, येणार म्हणून जग वाट पाहत राहिले. १९४० नंतरच्या दशकात केव्हातरी त्याने यार्वेनपा येथील आपल्या घरी हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा अग्नीच्या स्वाधीन केला. त्या सिम्फनीची पानेही त्यातच गेली असे मानले जाते. पत्नी आइनो हिने पुढे सांगितले की, त्यानंतर त्याचे मन अधिक शांत झाले. हे कळल्यावर त्या पोकळ नळ्या ऑर्गनच्या आहेत की नाहीत, हा वाद आम्हांस गौण वाटू लागला. ऑर्गनच्या नळीला भाता लागतो, वाजविणारा लागतो. या नळ्या दोन्ही टोकांनी उघड्या आहेत. त्यांत कोणी फुंकर घालीत नाही. समुद्र जवळच आहे. वारा आला तर आला.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आम्ही त्या उद्यानात गेलो होतो. बर्च वृक्षांतून पुढे आलो आणि चंदेरी राशी समोर आली. वारा पडलेला होता. एक पाचसहा वर्षांचा मुलगा शिल्पाखाली जाऊन वर तोंड करून ओरडत होता आणि घुमून परत येणारा आपलाच आवाज कान देऊन ऐकत होता. त्याच्या आईला मात्र छायाचित्र हवे होते. तिने त्याला दंडाला धरून बाहेर आणले आणि खडकावरच्या चेहऱ्याशेजारी उभे केले. तेथे छोटीशी रांगच लागली होती. नळ्यांपाशी फारसे कोणी नव्हते.

आम्हीही रांगेत उभे राहिलो.